हापूसच्या हंगामात ऑफिसची मेल हाताबाहेर जाऊ नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळ हापूस आणि काजूगर परदेशी पाठवणारं छोटं ऑफिस. दोघे भाऊ आणि ऑफिस सांभाळणारी एक मुलगी, असे तिघे एकाच जीमेलवर काम करतात. मार्च ते मे दिवसाला शंभराच्या वर मेल येतात, न वाचलेल्यांचा आकडा १४ हजारांवर गेला आहे आणि चाळीस लेबलं करूनही हवी ती मेल मिळत नाही. मध्यंतरी दुबईच्या खरेदीदाराने पेट्यांची संख्या बदलल्याची मेल दोन दिवस तशीच पडून राहिली. त्यात आता जागा संपत आल्याची सूचना येते आहे. काय करावं?

लेबलं अजून वाढवू नका. आहेत त्यांतलीही बहुतेक काढायची आहेत. तुमची लेबलं मेल कशाविषयी आहे ते सांगतात: दुबई, काजू, ट्रान्सपोर्ट, बँक. ऐन एप्रिलात सकाळी मेल उघडल्यावर कळायला हवं ते हे, की आता काम कोणाकडे अडलं आहे? आपल्याकडे की समोरच्याकडे? आपल्याकडे असेल तर तिघांपैकी कोणाकडे? पेट्यांच्या संख्येची ती मेल बहुतेक तिघांपैकी कोणीतरी उघडली होती. उघडल्याबरोबर ठळक अक्षरं साधी झाली आणि बाकीच्या दोघांनी धरून चाललं की बघितलंय म्हणजे केलंय. वाचून झालं एवढंच जीमेलला कळतं. काम झालं की नाही याची खूण आपल्यालाच ठेवावी लागते, आणि पुढचं सगळं त्या एका खुणेसाठी आहे.

साचलेलं आधी बाजूला

१४ हजार मेल वाचायच्या नाहीत आणि पुसायच्याही नाहीत. त्या एका दुपारी इनबॉक्समधून उचलून आर्काइव्ह करायच्या. आर्काइव्ह केलेली मेल ‘ऑल मेल’मध्ये राहते, सर्चमध्ये सापडते आणि तिच्यावर कोणाचं उत्तर आलं तर आपोआप इनबॉक्समध्ये परत येते. त्यामुळे भिण्यासारखं काही नाही. एक मोठी चूक मात्र इथेच होते. जीमेल एका विषयावरच्या सगळ्या मेल एकाच ओळीत गुंडाळून दाखवतं. तुम्ही जुन्या तारखेच्या मेल शोधल्या की ज्या गुंडाळीत एक मेल डिसेंबरची आणि एक कालची आहे, तीही यादीत येते आणि कालच्या मेलसकट आर्काइव्ह होते. म्हणून सफाईपुरतं सेटिंग्जच्या ‘जनरल’ भागात ‘कॉन्व्हर्सेशन व्ह्यू’ बंद करून ठेवा. प्रत्येक मेल सुटी दिसेल.

मग गेल्या एका महिन्याच्या मेल वरून खाली नजरेखालून घाला आणि ज्यात आपलं काही देणं लागतं त्यांना स्टार द्या. फक्त स्टार, उत्तर लिहीत बसू नका. उत्तरं लिहायला लागलात की सफाई तिथेच थांबते. ते झालं की सर्चच्या चौकटीत ‘इन:इनबॉक्स बिफोर:२०२६/०३/०१’ अशा धर्तीवर टाका. हे शब्द आणि आकडे इंग्रजीत टाइप करायचे, कोलननंतर जागा सोडायची नाही आणि तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहायची. यादी आली की वरच्या चौकोनात टिक करा. तेवढ्याने समोरच्या पानावरच्या ५० किंवा १०० मेलच निवडल्या जातात. वर एक ओळ उमटते, या सर्चमध्ये सापडलेल्या सगळ्या मेल निवडायच्या का अशी, तिच्यावर क्लिक करावं लागतं. ती ओळ न दिसल्यामुळे माणसं पन्नास-पन्नासच्या घासाने तासन् तास सफाई करत बसतात.

निवड झाल्यावर क्रम पाळा. आधी ‘जुनं’ असं एक लेबल लावा, मग ‘वाचलेलं’ करा आणि शेवटी आर्काइव्ह. आर्काइव्ह आधी केलंत तर मेल इनबॉक्समधून गेल्यामुळे यादी रिकामी होते आणि लेबल लावायला हातात काही उरत नाही. लेबल असलं की काही चुकलंच तर तेवढ्याच मेल परत आणता येतात. हजारो मेल असतील तर हे काम काही मिनिटं चालतं, तोवर ती टॅब बंद करू नका. सगळं झाल्यावर कॉन्व्हर्सेशन व्ह्यू पुन्हा चालू करा, रोजच्या कामाला तो लागतोच.

जागेचा प्रश्न वेगळा आहे

आर्काइव्ह करून एक एमबीही मोकळी होत नाही. मोफत खात्याची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिघांत वाटलेली असते. छोट्या ऑफिसात ती बहुतेक वेळा मेलने भरत नाही. ऑफिसचं खातं कोणाच्या तरी मोबाइलवर चालू असतं, त्यावर फोटो बॅकअप सुरू असतो आणि बागेतले, पॅकहाऊसमधले, लग्नातले सगळे फोटो आणि व्हिडिओ ऑफिसच्या जागेत जाऊन पडतात. आधी तिघांचे फोन तपासा आणि ऑफिसच्या खात्यावरचा फोटो बॅकअप बंद करा. जागा पूर्ण भरली की मेल जातही नाही आणि येतही नाही. पाठवणाऱ्याकडे ती परत जाते. हंगामात ती मेल ऑर्डरची असू शकते.

मेलमधली जागा मोकळी करायला ‘लार्जर:१०एम’ असा सर्च द्या, हाही इंग्रजी अक्षरांत. दहा एमबीच्या वरच्या मेल समोर येतील. त्यात बहुतेक पेट्यांचे फोटो आणि रंगीत स्कॅन असतात. फोटो खुशाल काढा. इन्व्हॉइस, शिपिंग बिल (कस्टमकडे भरायचा निर्यातीचा कागद), एअर वे बिल (विमानाने पाठवलेल्या मालाची पावती), बँकेची प्रमाणपत्रं मात्र आधी कॉम्प्युटरवर उतरवून मगच काढा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. पुसलेली मेल ३० दिवस ‘ट्रॅश’मध्ये असते आणि तोवर जागाही खाते, त्यामुळे आकडा लगेच खाली यायला हवा असेल तर ट्रॅश रिकामा करा.

पुढे जागा भरू नये म्हणून एवढंच: कागद काळ्या-पांढऱ्यात आणि १५० ते २०० डीपीआयवर स्कॅन करा. वाचायला तेवढं पुरतं. जीमेलची जोडफाइलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमधून जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे १८-१९ एमबीच्या पुढचं काही जोडायच्या भानगडीत पडू नये, ड्राइव्हची लिंक द्यावी.

चार लेबलं, बस्स

तिघांच्या नावाची तीन आणि चौथं ‘वाट पाहतोय’. नावाच्या आधी आकडा टाका (१, २, ३, ४) म्हणजे डावीकडच्या यादीत ती वरच राहतील. प्रत्येकाला ठसठशीत वेगळा रंग द्या. आता अर्थ पक्का करा:

इनबॉक्समध्ये आहे ती मेल अजून कोणी हाताळलेली नाही. एखाद्याच्या नावाखाली आहे ती त्याने करायची आहे. ‘वाट पाहतोय’खाली आहे तिथे आपण आपलं केलं, आता समोरच्याकडून यायचं आहे. आणि यांतलं काहीच नाही, नुसती आर्काइव्ह आहे, ती संपली.

इनबॉक्समधली मेल उघडणाऱ्याने ती तशीच सोडून बंद करायची नाही, हा एकच कडक नियम ठेवा. पॅकहाऊसमध्ये ग्रेडिंगच्या टेबलावर आंबा हातात घेतलेला माणूस तो कोणत्या तरी क्रेटमध्ये टाकूनच दुसरा उचलतो, तसंच इथे. दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखी असेल तर देऊन आर्काइव्ह. नसेल तर ज्याचं काम त्याच्या लेबलखाली. यासाठी ‘लेबल’चं बटण वापरू नका, ‘मूव्ह टू’ वापरा. ‘लेबल’ने मेलला चिठ्ठी लागते पण ती इनबॉक्समध्येही राहते. ‘मूव्ह टू’ने ती इनबॉक्समधून निघून त्या लेबलाखाली जाते. एखाद्याच्या लेबलाच्या यादीत उभं राहून ‘मूव्ह टू’ केलं तर जुनं लेबल निघून नवं लागतं, म्हणजे एका मेलवर एकच नाव राहतं.

यात नेहमी बिघडतं ते असं. ‘वाट पाहतोय’खालच्या मेलवर खरेदीदाराचं उत्तर आलं की ती इनबॉक्समध्ये परत येते, पण जुनं लेबल तसंच अंगावर असतं. ते विषयाशेजारच्या फुलीवर क्लिक करून काढलं नाही, तर महिन्याभरात ‘वाट पाहतोय’मध्ये मेलेल्या मेलचा ढीग होतो आणि मग त्या यादीकडे कोणी बघेनासं होतं. आलेली मेल हातात घेतली की आधी जुनं लेबल काढायचं, मग पुढचं. आठवड्याभरात हाताला सवय होते.

स्वतःहून नवीन मेल पाठवलीत आणि तिच्या उत्तराची वाट आहे, तर ती इनबॉक्समध्ये कधी येतच नाही. ती विसरण्याची शक्यता सर्वांत जास्त. लिहितानाच खिडकीच्या तळाशी असलेल्या तीन टिंबांत ‘लेबल’ हा पर्याय असतो, तिथून ‘वाट पाहतोय’ लावून मग पाठवा. उत्तरांसाठी सेटिंग्जमध्ये ‘सेंड अँड आर्काइव्ह’ बटण चालू करा. उत्तर जाताच मेल समोरून हलते. आणि ‘अनडू सेंड’ची मुदत ५ सेकंदांवरून ३० वर न्या. चुकीची फाइल जोडल्याचं बहुतेक वेळा पाठवल्यानंतरच्या दहा-पंधरा सेकंदांत लक्षात येतं.

कॉम्प्युटरवर या चारही याद्या एकदम समोर हव्या असतील तर सेटिंग्जच्या ‘इनबॉक्स’ भागात ‘मल्टिपल इनबॉक्सेस’ निवडा. पाच कप्पे मिळतात आणि प्रत्येकात एका लेबलाचा सर्च लिहायचा. मोबाइलवर हे कप्पे दिसत नाहीत, तिथे लेबल उघडूनच बघावं लागतं.

स्नूझ म्हणजे मेल ठरलेल्या दिवसापर्यंत दडवून ठेवणं. एकट्याच्या खात्यात ही उत्तम सोय आहे. तिघांच्या खात्यात एकाने स्नूझ केलेली मेल बाकीच्या दोघांच्याही समोरून जाते. तुम्ही ती तारखेला बांधलेल्या गोष्टींपुरतीच ठेवा: परवान्याचं नूतनीकरण, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या मँगोनेट पोर्टलवर बागांच्या नोंदणीची वेळ, विम्याचा हप्ता. ऑर्डरची मेल कधीही स्नूझ करायची नाही.

मेल केव्हा बघायची

दिवसभर उघडी ठेवून दर मिनिटाला डोकावण्यात काम होत नाही. इनबॉक्स रिकामा करण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. तुमच्याकडे ती ऑफिस सांभाळणारी मुलगीच असावी, कारण भाऊ दोघेही अर्धा दिवस बागेत नाही तर पॅकहाऊसमध्ये असणार. वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे नको, खरेदीदाराच्या घड्याळाप्रमाणे ठरवा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथे नऊला ऑफिस उघडलं की आपल्याकडे साडेदहा वाजलेले असतात. लंडन मार्चच्या शेवटच्या रविवारपासून आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथले नऊ आपले दीड. तेव्हा सकाळी अकरा, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहा अशा तीन वेळा ठेवल्या की दोन्हीकडच्या सकाळच्या मेल ताज्या ताज्या हाती लागतात. संध्याकाळच्या फेरीत ‘वाट पाहतोय’ पूर्ण बघायचं आणि ज्यांचं उत्तर यायला हवं होतं पण आलं नाही त्यांना एक ओळ टाकायची किंवा फोन करायचा.

सुट्ट्यांचंही भान ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस. कुवेत, कतार आणि सौदी अरेबियात ती शुक्रवार-शनिवार आहे. कुवेतच्या माणसाला गुरुवारी दुपारी विचारायचं राहिलं की उत्तर रविवारी. तेवढ्यात झाडावरचा माल थांबत नाही.

मधल्या वेळात खरेदीदाराची तातडीची मेल आली तर? अँड्रॉइडवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये लेबलवार सूचना लावता येतात. सगळ्या सूचना बंद करा आणि फक्त ‘खरेदीदार’ या लेबलाचा आवाज चालू ठेवा. हे लेबल माणसाने लावायचं नाही, ते फिल्टर लावतो, म्हणजे येणाऱ्या मेलवर आपोआप चालणारा नियम.

फिल्टर: कोणाला इनबॉक्स चुकवू द्यायचा

फिल्टर दोन कामांसाठी. पहिलं, आवाज कमी करणं: पोर्टलांची जाहिरातवजा पत्रं, कुरिअरच्या ‘पार्सल निघालं’ छापाच्या सूचना, बँकेचे प्रत्येक व्यवहाराचे अलर्ट. यांना लेबल लावून ‘स्किप द इनबॉक्स’ करा. दुसरं, महत्त्वाचं उठून दिसावं म्हणून: प्रत्येक खरेदीदाराचा नेमका पत्ता टाकून ‘खरेदीदार’ लेबल आणि सोबत ‘नेव्हर सेंड टू स्पॅम’. असंच एक कस्टम एजंट आणि विमान कंपनीच्या कार्गो ऑफिससाठी.

कोणाला इनबॉक्स चुकवू द्यायचा हे ठरवताना एकच प्रश्न विचारा: ही मेल दोन दिवस कोणी बघितली नाही तर पैसे जातील किंवा माल अडेल का? उत्तर ‘हो’ किंवा ‘कदाचित’ असेल तर ती इनबॉक्समध्येच यायला हवी. जीएसटी, आयकर, डीजीएफटी (परकीय व्यापार महासंचालनालय), अपेडा यांच्या मेल बऱ्याचदा कंटाळवाण्या असतात, पण त्यातच एखादी मुदतीची नोटीस असते. त्यांना कधीही वळवू नका.

शब्दांवरून फिल्टर करण्याचा मोह टाळा. ‘इन्व्हॉइस’ शब्द असलेली प्रत्येक मेल हिशेबाच्या लेबलाखाली ढकलली, तर ‘तुमच्या इन्व्हॉइसमधल्या ४० पेट्या नरम निघाल्या’ ही तक्रारही तिकडेच जाते. पत्त्यावरून केलेला फिल्टर इतका चुकत नाही. जीमेलमध्ये एका मेलला लागू होणारे सगळे फिल्टर चालतात, त्यांना क्रम नसतो. आउटलुक वापरत असाल तर तिथे नियमांना क्रम असतो आणि एखाद्या नियमावर ‘पुढचे नियम चालवू नका’ अशी खूण असेल तर खालचे नियम चालतच नाहीत. फिल्टर बनवताना जुन्या मेललाही लावण्याचा पर्याय असतो, तो टिक केला नाही तर तो फक्त नव्या मेलवर चालतो.

‘प्रमोशन्स’, ‘अपडेट्स’ हे टॅब बंद करून टाका. नव्या खरेदीदाराची पहिली चौकशी कित्येकदा प्रमोशन्समध्ये किंवा स्पॅममध्ये पडते, कारण तुमचं-त्याचं आधी बोलणं झालेलं नसतं. स्पॅममधली मेल ३० दिवसांनी आपोआप जाते. हंगामात अकराच्या फेरीत स्पॅमवर रोज एक नजर टाकायची.

विषयाची ओळ

मेल सापडत नाही याचं खरं कारण इथे आहे, आणि हे काम कोणतंही लेबल करू शकत नाही. ‘मँगोज’, ‘री: री: ऑर्डर’, ‘अर्जंट’ असे विषय असलेल्या दोनशे मेलमधून एक शोधणं अशक्य आहे. प्रत्येक पाठवणीला एक क्रमांक द्या आणि तो पहिल्या मेलपासून शेवटच्या पैशांपर्यंत विषयात राहू द्या. उदाहरणार्थ:

‘एचपी-२६-०४७ | दुबई | ५ डझनी ८० पेट्या | १२ एप्रिल’

काजूगरासाठी ‘केजे-२६-०१२ | डब्ल्यू २४० | १० किलोचे ५० डबे’ (डब्ल्यू २४० ही काजूगराची प्रत). क्रमांकात मधल्या रेघा मुद्दाम ठेवल्या आहेत. जीमेल शब्दाचा तुकडा शोधत नाही. सगळं सलग लिहिलंत तर नुसतं ०४७ टाकून काही मिळणार नाही. रेघ असली की तो वेगळा शब्द धरला जातो आणि सापडतो. हाच क्रमांक इन्व्हॉइसच्या फाइलच्या नावात, पॅकिंग लिस्टमध्ये, पेटीवरच्या चिठ्ठीवर आणि व्हॉट्सअॅपवर लिहायचा. मग बँकेतून पैसे आल्याची मेल, खरेदीदाराची तक्रार, एजंटचं बिल, सगळं एका सर्चमध्ये एका खाली एक येतं.

खरेदीदार क्रमांक लिहिणार नाही, हे गृहीत धरा. तो गेल्या मे महिन्यातली मेल उघडून तिच्यावरच ‘या वर्षी १०० पेट्या हव्यात’ असं उत्तर पाठवेल. त्यावर तसंच उत्तर दिलंत तर नवी ऑर्डर जुन्या गुंडाळीत गुरफटते आणि जुना दर, जुना पत्ता, जुनं सगळं तिच्याखाली लोंबत राहतं. ‘रिप्लाय’च्या बाणाशेजारी ‘एडिट सब्जेक्ट’ असतं. नवा क्रमांक घालून विषय बदला. नवी गुंडाळी सुरू होते आणि खरेदीदाराची पुढची उत्तरं नव्या विषयावरच येतात.

एका मेलमध्ये एकच पाठवणी. १२ तारखेच्या मालाची कागदपत्रं आणि १९ तारखेच्या मालाचा दर एकत्र लिहिला, की एक गोष्ट उरकल्यावर मेल आर्काइव्ह होते आणि दुसरी राहून जाते.

ऑर्डर बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवर किंवा फोनवर ठरते, ते चालायचंच. पण ठरल्याबरोबर दहा मिनिटांत एक मेल गेली पाहिजे: क्रमांक, पेट्या किती आणि किती डझनी, दर आणि चलन, विमान कोणत्या तारखेचं, पैसे केव्हा. शेवटी ‘यात काही बदल असेल तर उद्या सकाळी तुमच्या ११ पर्यंत याच मेलवर कळवावं’. पेट्यांची संख्या बदलल्याचा तुमचा घोळ यानेच टळला असता, कारण बदलाला एक ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ मिळते.

फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचं), एअर वे बिल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट पाठवण्याची मेल दर वेळी तीच असते. सेटिंग्जच्या ‘अॅडव्हान्स्ड’ भागातून ‘टेम्प्लेट्स’ चालू करून ती एकदाच लिहून ठेवा. चौकशीचं उत्तर आणि पैशांची आठवण, हीही दोन टेम्प्लेट्स करा. टेम्प्लेटमध्ये दर मात्र कधीही लिहून ठेवू नका. मार्चच्या पहिल्या पेटीचा दर आणि मेच्या शेवटच्या आठवड्यातला दर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि घाईत जुना दर जातो. जागा रिकामी ठेवून तिथे चांदण्यांची रांग घाला, म्हणजे भरायची राहिली तर डोळ्यांना खटकेल.

बँक खातं बदलल्याची मेल

निर्यातदारांचे मोठे पैसे जातात ते या एका प्रकारात. तुमचं आणि खरेदीदाराचं मेलमधलं बोलणं वाचणारा तिसरा कोणी, खरेदीदारासारखाच दिसणारा पत्ता बनवून ‘आमचं खातं बदललं आहे’ किंवा तुमच्या नावाने खरेदीदाराला ‘या नव्या खात्यावर पैसे पाठवा’ अशी मेल टाकतो. पत्त्यात एका अक्षराचाच फरक असतो. फिल्टर नेमक्या पत्त्यावर बांधलेला असला की खऱ्या खरेदीदाराच्या मेलवर रंगीत ‘खरेदीदार’ लेबल येतं आणि नकली मेल लेबलाशिवाय येते. ओळखीच्या नावाच्या मेलवर रंग नसेल तर थांबा आणि पूर्ण पत्ता उघडून अक्षर-अक्षर वाचा. खरेदीदाराचं खरं खातंच कोणी फोडलं असेल तर लेबलही येईल, म्हणून खात्याचा बदल नेहमी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय मानायचा नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करण्यात काही अर्थ नाही. हंगामाच्या पहिल्याच मेलमध्ये खरेदीदारांनाही कळवून ठेवा की आमचं बँक खातं मेलवरून कधीही बदलणार नाही.

महिन्यातून एकदा सेटिंग्जमधली फिल्टरची यादी आणि ‘फॉरवर्डिंग’चा भाग उघडून बघा. खात्यात शिरलेला माणूस तिथे गुपचूप एक नियम करून ठेवतो, म्हणजे प्रत्येक मेलची प्रत त्याला जात राहते. आपण न केलेला नियम दिसला तर तो काढा, पासवर्ड बदला आणि बाकी सगळ्या यंत्रांवरून खातं साइन आउट करा. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा.

आणि तिघांनी एक पासवर्ड वापरणं आजच थांबवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं की कोड एकाच फोनवर येतो आणि तो फोन बागेत असला की ऑफिस अडतं, म्हणून लोक ते बंद करून टाकतात. ते बंद करायची गरज नाही. ‘अकाउंट्स’ भागात ‘ग्रँट अॅक्सेस’मधून बाकी दोघांना त्यांच्या त्यांच्या जीमेलवरून या खात्यात प्रवेश देता येतो. मोफत खात्यात दहा जणांपर्यंत चालतं. त्यांना आमंत्रणाची मेल जाते, ती आठवड्याच्या आत स्वीकारावी लागते आणि प्रवेश लागू व्हायला एखादा दिवस जाऊ शकतो. ते मेल वाचू, पाठवू आणि पुसू शकतात, पासवर्ड बदलू शकत नाहीत.

वीज आणि रेंज

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात लाइट जाणं आणि त्यापाठोपाठ टॉवर बंद पडणं हे किनाऱ्यावर धरूनच चालावं लागतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेही ऐन हंगामात. लॅपटॉपवर क्रोममध्ये जीमेलच्या सेटिंग्जमधून ‘ऑफलाइन’ चालू करून ३० दिवसांच्या मेल साठवायला सांगा. नेट नसताना जुन्या मेल वाचता, शोधता आणि उत्तरं लिहिता येतात. लिहिलेली मेल ‘आउटबॉक्स’मध्ये थांबते आणि नेट आल्यावर जाते. नेट आल्यावर आउटबॉक्स रिकामा झाला की नाही ते बघायचं, कारण लॅपटॉप झाकून ठेवला तर मेल तिथेच राहते आणि आपल्याला वाटतं गेली. सायबर कॅफेच्या किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ऑफलाइन कधीही चालू करू नये, सगळी मेल त्या यंत्रात उतरते. चालू आठवड्याच्या पाठवण्यांचे क्रमांक, एजंटचा आणि खरेदीदारांचे फोन नंबर एका कागदावर छापून टेबलावर असू द्या.

जूनमध्ये

पाऊस स्थिरावला आणि शेवटची पाठवणी पोचली की एक दिवस हंगाम बंद करण्यासाठी ठेवा. चारही लेबलांखाली उरलेल्या मेल एकेक बघा. ज्यांचे पैसे यायचे आहेत त्या ‘वाट पाहतोय’मध्येच ठेवा, बाकी सोडवा. वर्षभरातल्या पाठवण्यांची कागदपत्रं क्रमांकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये उतरवून एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. ती डिस्क ऑफिसात ठेवू नका, घरी कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात इथली हवा डिस्कला सोसत नाही, सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवलेली बरी. हंगामापुरता कोणाला खात्यात प्रवेश दिला असेल तर तो काढा. ज्या फिल्टरनी वर्षभर एकही मेल पकडली नाही ते पुसा आणि नव्याने जोडलेल्या खरेदीदारांचे पत्ते ‘खरेदीदार’ फिल्टरमध्ये टाकून ठेवा.